जांभळे डॉक्टर आणि त्यांची कवळी

अमरावतीला आमच्या गल्लीत जे डॉक्टर राहत, त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीपुरतंच होतं. बोटं जांभळी, सदऱ्याच्या बाह्या जांभळ्या, म्हणून सगळ्यांचे ते जांभळे डॉक्टर. तान्ह्या पोरांच्या तोंडात पांढरी बुरशी धरली की ते जांभळं औषध फासत. वलगावच्या मोटारीत जांभळ्या ओठांचं पोर दिसलं, की ते कुणाकडून निघालंय हे विचारावं लागत नसे. त्यांचे स्वतःचे दात मात्र पांढरेशुभ्र. ती अकोल्याहून करून आणलेली कवळी आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कुणालाच ठाऊक नाही, अशी समजूत त्यांची एकट्याची.

माणूस तोंडाळ. माझा थोरला दोन महिन्यांचा असताना त्याच्या जिभेवर पांढरा थर आला आणि दूध सुटलं. सासूबाई बोटाला फडकं गुंडाळून घासत बसल्या. मी डॉक्टरांना बोलावून आणलं. फडक्यावर रक्त पाहून ते म्हणाले, "माय, पोराची जीभ हाये का तवा? काहून घासून राहिली?"

"दूध गोठलं हाये ते," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मीही डोकावले. पोराच्या गालाच्या आतून घेतलेल्या पेशीला बुरशीचे गोल दाणे लटकले होते, पाण्यानं धुतले तरी सुटत नव्हते.

"तोंडात लाळ दिवसभर वाहते," डॉक्टर म्हणाले. "जो जंतू धरून राहत नाही तो पोटात जाते. या बुरशीच्या अंगावरच असं काही हाये का ते आपल्या चामडीले बिलगते. कसं बिलगते ते मोठमोठ्यायले अजून उमगलं नाही. अन् तू घासतं, म्हणजे चामडी सोलून तिले बसाले पाट मांडतं."

पोरगं आठवड्यात दूध प्यायला लागलं. सासूबाईंनी उपकार मानले, पण तो तवा काही त्या विसरल्या नाहीत.

तेव्हापासून मी त्यांचं बोलणं कान देऊन ऐकू लागले. जगात त्यांना सगळीकडे बुरशीच दिसे. नगरपालिकेतला मेंबर खुर्ची सोडेना, तर म्हणत, "बुरशी हाये, घासून निघत नाही." स्वतः डॉक्टर गावातल्या क्लबाच्या अध्यक्षपदाला किती वर्षं बिलगून होते, ते मात्र कुणी विचारायचं नाही.

पुढे काही वर्षांनी डॉक्टर पंगतीला येईनासे झाले. ओठांचे कोपरे चिरले, सदरा खांद्यावरून लोंबू लागला, भाकर तर सोडाच, वरणभातही उतरेना. गल्लीनं ठरवलं, कॅन्सर. डॉक्टरांनीही तेच ठरवलं. माझ्यामागं अकोल्याला भावाकडं जाय, असं ते बायकोला सांगू लागले. अख्ख्या गावाला तोंड वासायला लावणारा हा गृहस्थ स्वतःचं तोंड कुणापुढे उघडेना. कारण उघडायचं म्हणजे कवळी काढायची, आणि झोपतानाही ती तोंडातच असल्यामुळे बायकोनंसुद्धा त्यांचं बोळकं कधी पाहिलं नव्हतं. मरण चालेल, बोळकं चालणार नाही. धन्य तो बाणा! डॉक्टरीणबाई आमच्या ओट्यावर येऊन रडल्या, तेव्हा मला त्यांची कीव आली आणि डॉक्टरांचा संताप.

सासूबाई उठल्या आणि थेट त्यांच्या घरात शिरल्या. मागोमाग आम्ही दोघी.

"डाक्टर, तोंड वासा."

"माय, तू जाय घरी."

"माह्या नातवाचं वासलं होतं ना? मंग आता तुमचं. भेऊ नका, तव्यावानी घासत नाही."

डॉक्टरांना हसू फुटलं. तोंड फिरवून त्यांनी कवळी काढली. सासूबाईंनी आरसा धरला. टाळू लालभडक, बरोबर कवळीच्या आकाराची. कवळीच्या आतल्या अंगाला पांढरट थर. डॉक्टरांनी त्या थरावरून नख फिरवलं.

"बुरशी हाये. बिलगाले घर मीच देल्लं तिले," ते बोबडं बोलले. "अन् दार कधी उघडलं नाही."

जांभळं औषध सासूबाईंनीच लावलं, जरा जास्तच. पंधरवड्यात डॉक्टर भाकर खाऊ लागले, आणि महिन्यात कवळी लावणाऱ्यांना गाठून दटावू लागले, "झोपताना काढून ठेवा लागते. लाजून राहिले कोणाले?" त्यांची स्वतःची कवळी आता उशाशी वाटीत पडे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते झोपेतच गेले. सकाळी गल्ली जमली. गाल आत गेलेला तो चेहरा ओळखू येईना. क्लबातल्या एकानं वाटी उचलून डॉक्टरीणबाईंपुढे धरली. "वहिनी, लोकं दर्शनाले येतीन. बसवून द्या."

त्यांनी वाटी घेतली आणि परत उशाशी ठेवली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "झोपताना काढून ठेवा लागते. त्यायनंच सांगतलं."