तीन कडांचा कोपरा

आमचे हे कोपरे गोल करतात. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण नीट सांगायला गेलं की समोरचा जांभया देतो. यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर काढायचं सॉफ्टवेअर असतं ना, त्याच्या पोटातलं गणित हे लिहितात आणि जगाला फुकट देतात. ठोकळे जोडणं, भोकं पाडणं, सगळं जमलं. पण तीन कडा एका टोकाला मिळाल्या की तिथली गोलाई हमखास फाटते. त्या फाटक्या कोपऱ्यापायी ह्यांनी नोकरी सोडली आणि डोळ्यांची वाट लावून घेतली. वापरणारे ढीगभर, पण हात लावायला कुणी नाही. शिव्या घालायला मात्र सगळे हजर.

"माझे डोळे गेले तर हे कोण बघणार?" ही एकच काळजी त्यांना खात होती.

मग इंटरनेटवर एकजण मिळाला. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही, पण दुरुस्त्या अशा पाठवायचा की ह्यांचा चहा गार व्हायचा. मी त्याचं नाव 'जावई' ठेवलं, इतकं त्याचं कौतुक चालायचं.

एक दिवस जावयाने तो कोपरा सोडवला. सगळ्या चाचण्या पास. ह्यांनी खोलात जाऊन पाहिलं, तर फट तशीच होती. दोन पृष्ठभाग किती जवळ आले की चिकटले असं मानायचं, ती मर्यादाच त्याने दसपट सैल केली होती. ह्यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "हे गणित नव्हे, लिंपालिंपी आहे. शिकून या."

"अहो, एकट्याला सांगायचं ना," मी म्हणाले.

"चूक चारचौघांत केली, उत्तरही चारचौघांत."

जावई पुन्हा फिरकला नाही. मला ह्यांचा फार राग आला.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्क्रीन कायमची बंद करायला सांगितली. संध्याकाळी मी खोलीत गेले, तर तो कोपरा छान गोल दिसत होता.

"जमलं?"

"मर्यादा सैल केली," हे म्हणाले. "त्याने केली होती तेवढीच."

"मग त्याला लिहा. माफी मागा."

"मागितली. उत्तर आलंय, मला अक्षरं लागत नाहीत. तू वाच."

मी वाचलं. तो आता विकतचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होता. करारामुळे त्याला ह्यांच्या कोडला हात लावता येत नव्हता. खाली एकच ओळ होती.

'शिकून आलो, सर. इथेही असंच लिंपतात.'