जरा टेका, मग मोजू

मिरजेची एसटी गाठायच्या घाईत मी आटपाडीकडच्या एका वाडीत, पाण्याच्या घागरी नुकत्याच उतरवलेल्या बायांचा रक्तदाब मोजला. अख्खी वाडी आजारी निघाली. देशभर गोळ्या कुणाला द्यायच्या, हे आमच्या या संशोधनावरून ठरणार होतं, त्यामुळे एवढे रुग्ण सापडल्यावर मी खूश.

सोबतच्या आशाताईंनी कागद बघून नुसता सुस्कारा सोडला. गुडघा दाबत त्या पुन्हा पहिल्या दारात गेल्या. "टेक गं जरा," म्हणत प्रत्येकीच्या शेळ्यांची सावकाश चौकशी केली, मगच मला मोजू दिलं. बहुतेक आकडे उतरले. एसटीही गेली.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"सर, उद्या तुमी मिरजेतच बसा. आमी मोजतो. तुमी सही तेवढी करा."