राणीछाप बैठक

“बैल सोडा आधी, माणसं निंगतीन आपापली!”

आमचे धनी अंगणातून ओरडत होते आणि आत माझ्या बैठकीच्या खोलीत इतका धूर कोंडला होता, की मला माझाच हात दिसेना. भिंतीपलीकडं गोठा. बैल शांत उभे होते, गोंधळ माणसांचाच चालला होता. अकोल्याहून आलेली माझी मोठी नणंद खोकत होती. आणि ज्यांनी हा जाळ केला होता ते तिचे यजमान दार समजून भिंतीवर रंगवलेल्या फुलांना धडका देत होते. तो धूर पाच कोसांवरच्या भातकुलीहून दिसला, असं लोक सांगतात. एकजण तर परतवाड्याहून दिसला म्हणाला, पण मी भातकुलीवरच थांबते. मला वाढवून सांगायची सवय नाही.

ती खोली मी सजवली होती. अमरावतीत तशी खोली साहेबलोकांकडं असेल, माळ्याच्या घरात नव्हती, आणि नंतरही झाली नाही.

आमचा गावाच्या कडेला फुलांचा आणि भाजीचा मळा. नणंद दिलेली अकोल्याला, यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क. दर संक्रांतीला ती माहेरी यायची आणि बाहेर ओट्यावर बसायची. आत चला म्हटलं, की मान लांब करून दारातून बघायची आणि म्हणायची, “आत बसायले काय आहे?” खोटं नव्हतं ते. आत कांद्याचा ढीग, भोपळे आणि कुदळी होत्या. पण ‘माझा भाऊ भोपळे घरात ठेवतो आणि पाहुणे बाहेर’, हे तिनं अख्ख्या अकोल्यात सांगून ठेवलं होतं. तिथून ते आमच्या विहिरीवर आलं. बाया पाणी भरताना मला विचारायच्या, भोपळे बरे आहेत ना? एका संक्रांतीला तिळगूळ तिच्या हातावर ठेवताना मी बोलून गेले, की पुढल्या वर्षी तुम्ही आत बसाल, आणि उठा म्हटलं तरी उठणार नाही.

बोलून तर गेले. आता बसवायचं कशावर?

कॅम्पात एका म्हाताऱ्या मडमेच्या बंगल्यावर मी रोज फुलं घालायची. विक्टोरिया राणी जाऊन किती वर्षं झाली होती, तिच्यामागून राजेही आले नि गेले, पण ती बातमी त्या खोलीत पोचलीच नव्हती. तिथं टेबलसुद्धा घोट्यापर्यंत नेसलेलं असायचं. उशीला झालर, पडद्याला झालर. मडमेच्या कुत्र्याला झालर नव्हती एवढंच. भिंतीवर कागदाची फुलं अशी दाट, की टाचणी टोचायला जागा नाही. आणि समोरच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची एक कमान, आत कोनाड्यासारखी पोकळी, वर फळी. त्या पोकळीत मी माझ्या हातानं रोज सकाळी फुलांचं भांडं ठेवायची. थंडीत मडम नागपूरला लेकाकडं जायची, तेव्हा माझाही फुलांचा फेरा बंद. बाकी सगळं वर्ष ती खोली मी डोळ्यांनी पिऊन घेतली होती.

धन्यांनी अटी घातल्या दोन. पेटीतल्या पैशाला हात लावायचा नाही आणि बैलांच्या कशाला हात लावायचा नाही. पहिली मी पाळली.

शेंदूरजनाघाटच्या व्यापाऱ्याच्या संत्र्यांच्या फुटक्या पेट्या कोणी फुकट नेत नव्हतं, त्या मी आणल्या. त्यांची आराम खुर्ची आणि लांब बाक झाला. आत घरचाच कापूस असा ठासला, की बसणारा माणूस हळूहळू दिसेनासा व्हायचा. वरून लाल मखमल. एक नाटक कंपनी मुक्काम उठवताना फाटका पडदा टाकून गेली होती, मी महिनाभर पुरवलेल्या भाजीचा तोच मोबदला. त्या मखमलीवर कुठल्या तरी राजवाड्याचा अर्धा खांब रंगवलेला होता, तो मी पाठीच्या बाजूला घेतला. गोल टेबल म्हणजे बैलबंडीचं मोडकं चाक. लुगड्यानं जमिनीपर्यंत झाकलं, मग खाली काय आहे हे विचारायची कोणाची छाती?

भिंतीसाठी भेंडी. जून भेंडी आडवी कापली, की पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं. चुन्याच्या भिंतीवर नीळ आणि गेरूत बुडवून मी ठसे मारत सुटले. त्या हंगामात आमच्या घरी कोणी भेंडी खाल्ली नाही, सगळी भिंतीनं खाल्ली.

राहिली झालर. ती पोळ्याच्या बैलांच्या गोंड्यांची. धन्यांनी ओळखली. उशीकडं बघत राहिले, मग गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “पोळ्याले वापस दे.” त्यांच्या भाषेत ती परवानगीच होती.

शेवटी कमान. विटा आणि मातीची, वरून चुना घोटून घोटून असा चढवला, की माशी घसरावी. कोंबडीचं पीस काजळात बुडवून संगमरवराच्या रेघा ओढल्या. आणि आतल्या पोकळीत पितळी हंड्यात झेंडू. धुरांडं नव्हतं. फुलांच्या जागेला धुरांडं कशाला?

संक्रांतीला नणंद आली. दारातच थांबली. नेहमीसारखी मान लांब केली आणि मग ती आखूड करायचीच विसरली. आत आली. एका ठशावर बोट फिरवलं, लुगडं नेसलेल्या टेबलाला वळसा घातला, आणि खुर्चीत बसली. कमरेपर्यंत आत गेली. ती गप्प होती, आणि ती गप्प असलेली मी लग्नापासून पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं, जिंकलं.

पण तिच्या यजमानांना ते कसं सोसावं? त्यांनी जिनिंगच्या साहेबाचा बंगला पाहिलेला. कमानीपुढं उभे राहून ते मला म्हणाले, “वहिनी, इथं फुलं नसतात. इथं विस्तव असते.” आणि झेंडूचा हंडा उचलून बाजूला ठेवला. राहू द्या, मी म्हटलं, पण हळूच म्हटलं. घरच्या जावयाचा हात धरायचा कसा? जावई चुलीपाशी गेले, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी आणली आणि कोट न काढता पेटवली.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

दोन घागरी पाण्यात जाळ विझला. बैल सुटले ते थेट कोबीत शिरले. कमान काळी, माझा संगमरवर काळा, हेडक्लार्क काळे. कुंपणाशी विहिरीवरच्या सगळ्या बाया, एकीच्याही डोक्यावर घागर नाही. नणंद बाहेर आली, नाकाखाली काजळी आणि मुठीत अजून तिळगूळ. मी हंडा छातीशी धरून उभी होते. वर्षभराची मेहनत, आणि आता हे भोपळ्यापेक्षा मोठं होऊन अकोल्याला जाणार.

धन्यांनी ओट्यावर घोंगडी अंथरली. “आक्का, बस इथं हवेशीर.”

आक्कानं घोंगडीकडं बघितलं, बायांकडं बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि राहिलेल्या धुरात परत आत शिरली. चाचपडत खुर्ची शोधली. बसली. माझ्या हातातल्या हंड्याकडं बोट करून तो कमानीत ठेव अशी खूण केली. मी ठेवला.

“आक्का, धूर आहे अजून,” मी म्हटलं. “ओट्यावर बसता का?”

“काहून? बाहेर बसायले काय आहे?”