बायडाबाईनं न मागितलेला ब्रेक

साक्रीहून सिल्वासात आल्यावर बायडाबाईनं इंग्रजीतला पहिला शब्द उचलला तो मसाट गावातल्या धाग्याच्या कारखान्यात. ब्रेक. यंत्रावर सूत तुटलं की सगळे त्याला ब्रेक म्हणत. तुटलेलं टोक शोधायचं, पुन्हा ओवायचं, पुढे सरकायचं, हे तिचं काम. दहाला भोंगा झाला की चहाचा ब्रेक. आणि दर सात महिन्यांनी ठेकेदाराचा ब्रेक, म्हणजे तीन आठवडे घरी बसायचं आणि मग नव्या कार्डावर नव्यानं लागायचं. पहिल्या वेळी "तुम्हाला ब्रेक आहे" असं ऐकल्यावर ती डबा घेऊन कॅन्टीनमध्ये जाऊन बसली होती. बायका पोट धरून हसल्या, तीही हसली होती. त्याला आता अकरा वर्षं झाली.

गेल्या मार्गशीर्षात खानवेलच्या उतारावर तिच्या नवऱ्याचा, नवनाथचा, टेम्पो उलटला. नवनाथ जागीच गेला. हवालदारानं हिंदीत काय काय वाचून दाखवलं, त्यातलं तिला "ब्रेक फेल" एवढंच कळलं. तिनं दाखवलेल्या जागी अंगठा उठवला. दहाव्याला सासू म्हणाली, "रड वं माय, मोकळी हो." पण रडू आलं नाही. तेरावं उरकलं आणि सोमवारी ती कामावर हजर झाली.

माघात ठेकेदाराचा माणूस चेतन कागद घेऊन आला.

"मासी, अहीं सही करी दो. ठेका बदलतोय, सगळ्यांची घेतोय."

"लेकीला दाखवते," म्हणत तिनं कागद डब्याच्या पिशवीत ठेवला.

जया बारावीला होती. तिनं कागद दोनदा वाचला. "माय, यात लिहिलंय की अकरा वर्षांतले सगळे ब्रेक तू स्वतःच्या मर्जीनं घेतले. म्हणजे नोकरी सलग धरायची नाही, हक्काचे पैसे द्यायचे नाहीत."

"ब्रेकचा दुसरा काही अर्थ असेल."

जयानं शब्दकोश काढला. मोडणं, तुटणं, बातमी फुटणं, कायदा मोडणं, सवय सुटणं. दोन रकाने भरून अर्थ होते. "दिवस उजाडतो त्यालाही हाच शब्द आहे, माय."

"अन् गाडीचा?"

जयानं पानं चाळली. "तो निराळा. लिहायचाही निराळा. कुठून आला ते पक्कं ठाऊक नाही म्हणे. पूर्वी जवसाच्या काड्या कुटून धागा काढायचं एक औजार होतं, त्याचंही हेच नाव."

बायडाबाई भाकरीचं पीठ मळत होती. मळता मळता म्हणाली, "एवढे अर्थ आहेत, पण मी मागितला असा एकही नाही."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातल्या तिच्या खात्याच्या पराग साहेबांकडे गेली. साहेब नाशिकचे, माणूस वाईट नव्हता.

"साहेब, हे खोटं आहे. मी सही करणार नाही."

"बायडाबाई, बाकीच्यांनी केलीय. तुम्ही अडलात तर नवा ठेकेदार तुम्हाला घेणार नाही. घरी आता तुम्हीच कमावत्या."

"बरं," ती म्हणाली. आता भीती वाटेल म्हणून ती जरा थांबली. काहीच वाटलं नाही. परत जाऊन तिनं तुटलेली टोकं ओवली, पाळी संपवली आणि कामाचं कार्ड चेतनच्या हातात परत दिलं.

फाटकाशी केसरबाईनं गाठलं. "त्या कागदात होतं तरी काय?" बायडाबाईनं सांगितलं, शब्दाला शब्द. केसरबाईनं ते कुसुमला सांगितलं, कुसुमनं आणखी सहा जणींना. जयानं मराठीतून अर्ज लिहिला आणि आठ जणींनी तो कामगार कचेरीत नेऊन दिला. बायडाबाई त्यांच्यासोबत गेली, बाकावर बसली, विचारलं तेवढंच बोलली.

दोन महिन्यांनी सह्यांचे कागद परत मिळाले. आठही जणी कामावर राहिल्या. बायडाबाईला मात्र कुणी परत बोलावलं नाही. ती राखोलीला गोणपाट शिवायच्या कारखान्यात लागली.

एका रविवारी केसरबाई आणि कुसुम ही बातमी घेऊन तिच्या खोलीवर आल्या. कुसुमचे डोळे भरून आले होते. "तुझ्यामुळे झालं हे, बाई."

बायडाबाईनं चहा गाळला, कप पुढे केले. "साखर पुरे का बघा," ती म्हणाली.