मामांचा बेस्तरवार

आमच्या भोसरीच्या चाळीत मामांच्या घरी गुरुवारी चूल पेटत नसे. चूल म्हणजे गॅसच, पण मामा चूल म्हणत. चहासुद्धा नाही. नव्या भाडेकरूला वाटायचं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी शहाणी पिठल्याचा डबा घेऊन समेट घडवायला गेले होते.

मामा एका वर्कशॉपात मेंटेनन्सचे फिटर. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी. मामा सोलापूरकडचे, म्हणून त्यांचा तो बेस्तरवार. "कंपनीनं मला एक दिवस दिला. हिला कोण देणार? हिची कंपनी मीच की," असा त्यांचा हिशोब. त्या दिवशी शिळी भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. मामी सुरुवातीला फणकारली, "आदल्या दिवशी दुप्पट थापते, ही कसली सुट्टी?" मग बुधवारच्या भाकरी मामाच थापू लागले. त्या इतक्या जाड व्हायच्या की मामी म्हणे, दातांना ओव्हरटाइम लागतो.

चाळीला वाटे, मामा दत्ताचे मोठे भक्त. एकदा मंडळवाले त्यांना आरतीला बोलवायला आले. मामा म्हणाले, "देवाला माझा नमस्कार सांगा. पण आज उभं राह्यचं काम बी बंद हाय."

ते घरी सापडतात म्हणून लोक नेमके गुरुवारीच बिघडलेले मिक्सर घेऊन येत. मामा बाजेवरून उठतही नसत. "ठिवून जा. उद्या बघू." स्वतःचा नळ ठिबकायला लागला, तेव्हाही त्यांनी पान्ह्याला हात लावला नाही. खाली बादली लावली आणि भरली की बदलत राहिले. मामी तडकली, "जगाची मशिनं नीट करतो आणि घरात गळती." मामा म्हणाले, "उद्या बघू. नळ कुठं पळून चाललाय?"

एका गुरुवारी खुद्द मालक गाडी घेऊन दारात. मशिन बंद, माल अडकलेला. मामांनी त्यांना चटई टाकली आणि भाकरी वाढली. मालक रागाने लाल, पण चटणी झणझणीत होती. दोन भाकऱ्या खाऊन गेले बिचारे. शुक्रवारी शिफ्टच्या आधी जाऊन मामांनी मशिन चालू करून दिलं.

मी चाकणला कंपनीत जाते. माझी सुट्टीही गुरुवारीच, पण ती म्हणजे आठवड्याचे कपडे, दळण, जाळी-जळमटं. मामा बाजेवरून बघत. "पोरी, सुट्टी तुला हाय का कंपनीला?" मला राग यायचा. "मामा, कपडे काय बेस्तरवार पाळतात का?" मी साबण आपटत विचारायची. पुरुषांना बोलायला काय जातंय.

रिटायर झाल्यावर मात्र गडी हवालदिल झाला. "सगळेच बेस्तरवार झाले, राव. आता बसायचं कवा?" शेवटी चाळीतले पंखे-मिक्सर दुरुस्त करायला घेतले, सहा दिवस राबले, तेव्हा कुठे त्यांचा गुरुवार त्यांना परत मिळाला.

गेल्या वर्षी मामा गेले. हार्टचं झालं, वेळच मिळाला नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आम्ही चाळकरी आळीपाळीने जेवण पोचवत होतो. माझी पाळी आली. पहाटे उठून वरण-भात, भाजी केली आणि गरम डबा घेऊन गेले. मामी भिंतीला टेकून बसली होती.

"आज वार कुठला?" तिने विचारलं.

"गुरुवार."

"मग चूल का पेटवलीस?"

मामीने फळीवरचा चुरमुऱ्यांचा डबा काढला, कागदावर ओतला. "बस हितं. कपडे आज न्हाई धुवायचे."

मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच अशी, काही हातात न घेता. चुरमुरे खाता खाता दोघी रडलो. मोरीतला नळ टपटपत होता. सवयीने मी उठायला गेले, तर मामीने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्या बघू."