वरच्या नियमाचे वकील

ठाण्याच्या कचेरीत मी बातम्यांसाठी जात असे, तेव्हा तिथे एक वकील होते. त्यांनी व्हिएन्नाच्या एका कायदेपंडिताचा ग्रंथ वाचला होता. त्यानंतर दुसरं काही वाचण्याची गरज त्यांना भासली नाही. प्रत्येक नियमाला वरच्या नियमाचा आधार असतो, हे ते अशिलांनाही समजावत आणि बोलताना हात पायरीपायरीने टोपीच्याही वर नेत.

दिवा गावची एक आगरी म्हातारी शेत वाचवायला त्यांच्याकडे आली. कूळ म्हणून तिचं नाव कागदावर नव्हतं. वकिलांनी तलाठी, मामलेदार, कलेक्टर, कायदा आणि शेवटी राज्यघटना असा हात चढवत नेला.

"आन् तिच्यावर कोन?" म्हातारीने विचारलं.

"तिच्यावर कोणी नाही, आजी. ती पाळायचीच, हे तिथे मानून चालायचं."

"मंग शेत आमी कसतांव, ता पन मानून चाला ना."

वकील मनापासून हसले. मामलेदारांपुढच्या सुनावणीत ते तासभर त्या ग्रंथावर बोलले. शेत कोण कसतं, हे सांगायला बांधावरचे शेजारी बाहेर व्हरांड्यात बसून होते; त्यांना आत बोलावायचं राहून गेलं. दावा फेटाळला गेला.

"माजे शेताचा काय झाला?" म्हातारीने विचारलं.

"शेत गेलं, आजी," वकील म्हणाले. "पण मामलेदारांनी मला एकदाही थांबवलं नाही."