खाप्र्याचा कौल

मालवणहून एसटी सुटली तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. २००३ सालचा मार्च, मांडीवर कॅमेरा, रोलमध्ये पाच फोटो शिल्लक. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांतून पळालेल्या आफ्रिकी गुलामांचा इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, तीही मालकांनी लिहिलेल्या कागदांच्या भरवशावर. आणि पोर्तुगिजांच्या गोव्यातून पळून आलेला एक खाप्रो (आफ्रिकी माणूस) दोडामार्गजवळच्या गावात राखणदार देव होऊन बसलाय, हे मालवणच्या मला कळलं कधी, तर निवृत्तीला चार महिने उरल्यावर! शेवटच्या व्याख्यानात त्याचा फोटो दाखवायचाच, या हट्टानं निघाले होते.

सावंतवाडीला पुढची गाडी चुकली. तासभर स्टँडवर येरझारा घातल्या. दोडामार्गच्या खानावळीत ओल्या काजूंची उसळ फर्मास होती, पण घड्याळाकडे बघत कशीबशी संपवली.

गावात देवाची पूजा करणारे म्हातारे दाजी भेटले. काजूच्या बागेतून चालताना पिकल्या बोंडांचा आंबूस वास येत होता. झाडाखाली एक काळा दगड, पुढ्यात भाकरी आणि विडी.

"हा कोणाचा गुलाम होता?" मी वही उघडली.

"तेका आमी कधी इचारूक नाय," दाजी म्हणाले. "इलो, रवलो. आता गाव राखता."

"फोटो काढू का?"

"माका कित्याक इचारतास? तेकाच इचारूया."

त्यांनी दगड ओला करून दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ही बाय लांबसून इली आसा. तुजो फोटो काढूक बघता. चलात तर उजवो कौल दी."

बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी पाकळी पडली.

"परत लावून बघा ना," मी म्हणाले.

"एकदा नाय म्हटल्यान मां?"

मला रागच आला. दाजी हात धुवायला झऱ्यावर गेले. क्षणाचं काम होतं. कॅमेरा डोळ्याला लावलासुद्धा. आणि एकदम माझी मलाच लाज वाटली. मालकांच्या कागदांत ज्यांचा नकार मी आयुष्यभर शोधत होते, त्यांच्यातल्याच एकानं मला नकार दिला, तर मी तो मोडायला निघाले होते. कॅमेऱ्याला झाकण लावलं.

परतीच्या गाडीतही चुळबुळ चालूच होती. रोल तसाच राहिला.

चार महिन्यांनी व्याख्यानात खाप्र्याच्या वेळी पडदा कोरा ठेवला. एका सहकाऱ्यानं विचारलं, "फोटो नाही?"

"त्याला विचारलं होतं," मी म्हटलं. "नको म्हणाला."